बोट पुन्हा ठेवा

दिंद्रुडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. वीस वर्षं झाली, मी बायकांचे ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, बाजारात भांड्यांचं दुकान आहे. मुलगी लातूरला शिकायला असते. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. माणसं एवढीच.

पूर्वी बायका मापाला जुना ब्लाऊज आणून टाकायच्या आणि जायच्या. आता फोनवर फोटो येतात. पाठीला असा गळा हवा, बाहीला तशी लेस हवी. एका ब्लाऊजपायी फोन दहा वेळा उघडावा लागतो. म्हणून मुलीनं सुट्टीत आल्यावर फोनला बोटाचं कुलूप लावून दिलं होतं. बाजूच्या बटणावर अंगठा टेकवला की फोन उघडायचा. "आई, तुझे हात खडूनं भरलेले असतात, आकडे कशाला दाबत बसतेस?" म्हणाली. काही महिने छान चाललं.

दिवाळीच्या तोंडावर तो अडायला लागला. आधी तिसऱ्या खेपेला उघडायचा, मग पाचव्या. 'बोट पुन्हा ठेवा' असं लिहून यायचं आणि हातातल्या हातात फोन थरथरायचा. फारच झालं की तीस सेकंद थांबा म्हणायचा. समोर गिऱ्हाईक उभं, मशीनवर अर्धी बाही, आणि मी फोनच्या परवानगीची वाट बघत बसलेली.

मला वाटलं, खडूच असणार. अंगठा पदराला पुसून बघितला. साबणानं धुऊन बघितला. बटणाच्या फटीत कापडाची बारीक लव जाऊन बसली असेल म्हणून मशीन साफ करायच्या ब्रशानं ती फट झाडली. फोनचं कव्हर काढून टाकलं. फोन बंद करून परत चालू केला. काही फरक नाही. शेवटी मुलीला फोन लावला.

"सेटिंगमध्ये जा. जुने ठसे काढून टाक," ती म्हणाली.

"टाकले."

"आता नवीन घे. बोट ठेव, उचल, परत ठेव. जरा जरा सरकवत ठेव."

"अगं, ते गोल भरतच न्हाई. अर्ध्यावर येऊन थांबतंय."

"दुसरं बोट घे मग. अंगठ्याच्या शेजारचं."

त्या बोटाचंही तेच झालं.

"मग सेन्सर गेला असंल आई. दुकानात दाखव."

संध्याकाळी मालक दुकानातून आले. मी तणतणत होतेच. त्यांनी फोन घेतला, मी सांगितलं तसं बोट ठेवलं, आणि ते गोल एका दमात भरलं. दिवसभर भांडी पुसून पुसून राठ झालेलं त्यांचं बोट, ते फोनला पहिल्या झटक्यात पटलं. ते हसले. "फोनलाबी कळतंय, घराचा मालक कोण हाय."

मला हसू आलं नाही. त्यांचा ठसा मी तिथल्या तिथं काढून टाकला.

त्या महिन्यात आणखीही काही गोष्टी घडत होत्या. एका पांढऱ्या फॉलवर रक्ताचा ठिपका निघाला, आणि सुई मला केव्हा टोचली ते आठवेना. भाकरी उलटताना तव्याला बोटं लागायची, तरी मी हात मागं घेत नव्हते. आत्याबाई शेजारणीला कौतुकानं म्हणाल्या होत्या, "आमच्या सूनबाईचा हात लई घट्ट झालाय आता." मलाही तसंच वाटलं होतं. वीस वर्षांच्या कामानं हात घट्ट होणारच की.

दिवाळी झाल्यावर मी फोन घेऊन माजलगावला गेले. बसस्टँडच्या जवळ एक फोन दुरुस्तीचं दुकान आहे, एका माणसापुरतं. दुकानदार तिशीचा, कमी बोलणारा. त्यानं माझा फोन काचेच्या टेबलावर ठेवला, कसल्याशा पातळ औषधानं बटण पुसलं आणि स्वतःचं बोट नोंदवून बघितलं. फोन लगेच उघडला.

"ताई, फोन चांगला हाय."

"मग माझं कावून घेत न्हाई?"

"तुमी लावा बरं."

मी लावलं. नाही. "बोटावर तोंडानं वाफ सोडा," तो म्हणाला. मी 'हाऽ' करून वाफ सोडली आणि लावलं. एकदा उघडला, परत नाही. "आता डाव्या हाताचं बोट द्या." डाव्या हाताचं बोट नोंदवलं, आणि फोन दर वेळी उघडायला लागला. दहा वेळा केलं असेल, दहाही वेळा. तो कपाळाला आठ्या घालून माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी तो बोलायला लागला. मी टेबलाला टेकून उभी होते.

एकदम तो ओरडला, "ताई, हात! हात काढा! तापलेली हाय ती!"

मला कळेना कशाबद्दल बोलतोय. मग मी खाली बघितलं. फोनची काच सोडवण्यासाठी त्यानं एक लोखंडी पट्टी तापायला ठेवली होती, विजेवर चालणारी. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तिच्या कडेवर आरामात टेकलेली होती.

त्यानं माझं मनगट धरून हात ओढला आणि बाटलीतलं पाणी ओतलं. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"दुखतंय?"

"न्हाई."

"काहीच न्हाई?"

मी मान हलवली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं थोड्या वेळानं यायला सांगितलं. तो माणूस गेल्यावर खाली बघत, हातातला स्क्रू-ड्रायव्हर फिरवत म्हणाला, "माझ्या चुलत्याला असंच झालतं. विडीनं बोटं भाजायची, त्याला पत्ता नसायचा. ताई, फोनला काय बी झालेलं न्हाई. तुमी सरकारी दवाखान्यात जा. उशीर करू नका. चुलत्यानं उशीर केलता."

"काय झालतं चुलत्याला?"

"गोळ्यांनी बरा झाला. बोटं तेवढी वाकडी राहिली."

रोगाचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. माझं माहेर लिंबागणेशचं. लहानपणी चतुर्थीला देवळाबाहेर एक माणूस बसायचा, हातापायांना चिंध्या गुंडाळलेला. आई मला पदराआड घ्यायची आणि भाकरीचा तुकडा लांबूनच त्याच्या ताटलीत टाकायची. एकदा तो ताटलीबाहेर पडला. त्या माणसानं तो दोन्ही मनगटांच्या चिमटीत उचलला, कारण उचलायला बोटं नव्हती. परतीच्या एसटीत मला तो माणूस जितका लख्ख दिसला, तितका लहानपणी प्रत्यक्ष समोर असतानाही दिसला नव्हता.

घरी आल्यावर, "दुरुस्त झाला फोन," एवढंच मी सांगितलं. भाजलेल्या बोटांना हळद लावली आणि चटका बसला म्हणाले. तेही खरंच होतं.

चार दिवस मी कुणाला बोलले नाही. दार लावून घ्यायचे आणि सुईनं स्वतःचाच हात टोचून बघायचे. डाव्या हाताला सुई नुसती टेकली तरी जीव कळवळायचा. उजव्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत रक्ताचा थेंब येईपर्यंत काही कळायचं नाही. कोपराच्या खाली एक फिकट चट्टा होता, वर्षभरापासून. शिबं म्हणून मी त्याला मेडिकलमधलं मलम चोळत होते. त्या चट्ट्यावरही सुई जाणवली नाही. मग मी सुया डब्यात ठेवल्या आणि स्वयंपाकाला लागले. पीठ मळताना हात थांबायचा. हेच पीठ आत्याबाईंच्या पोटात जाणार, मालकांच्या पोटात जाणार. आणि नाही मळलं तर कारण काय सांगणार? मी मळत राहिले. त्या चार दिवसांची लाज मला अजून आहे.

पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले.

"मी पेनाचं टोक लावते. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हातानं बोट ठेवून दाखवा."

मी बोट ठेवत गेले. दंडावर ठेवलं, डाव्या तळव्यावर ठेवलं. मग बराच वेळ काही झालं नाही, म्हणून मी म्हणाले, "मॅडम, लावा की."

"लावतेच आहे," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले. पेनाचं टोक माझ्या अंगठ्यात रुतलेलं होतं.

त्यांनी कोपराची आणि मनगटाची शीर चाचपली, चट्टा बघितला, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. कुष्ठरोग, त्या म्हणाल्या. मग पुष्कळ बोलल्या. वर्षभर गोळ्या, त्या इथंच मिळतील. औषध सुरू झालं की तुमच्यापासून दुसऱ्याला धोका राहत नाही. नस दुखावली म्हणून बोटांचा स्पर्श गेला, आणि घामही गेला. बोट कोरडं ठक्क पडलं, म्हणून तुमच्या फोनला ठसा घेता येत नव्हता. "बरं झालं तुम्ही फोन दाखवायला गेलात," असंही म्हणाल्या. मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं. ऐकू आलं ते पुढचं वाक्य.

"घरातल्या सगळ्यांना तपासावं लागेल. आजूबाजूच्या घरांनाही."

"मॅडम, पाया पडते तुमच्या. गल्लीत कळलं तर एक बाई माझ्या दारात यायची न्हाई. कपडे शिवते मी. लोकांच्या अंगावरचे कपडे."

"शेजाऱ्यांना तुमचं नाव सांगणार नाही. सगळ्या गल्लीची तपासणी आहे म्हणून आमची माणसं येतील. पण घरच्यांना तुम्हीच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांचा डबा घेऊन मी दुकानात गेले. एरवी डबा शेजारच्या दुकानदाराबरोबर जातो. मला बघून ते उठले. पातेल्यांच्या चळतीमागं बसून त्यांनी डब्याचं झाकण काढलं, तेव्हा मी म्हणाले, "आधी ऐका, मग जेवा." आणि सांगितलं सगळं. फोन, ती पट्टी, पेनाचं टोक, रोगाचं नाव.

झाकण त्यांच्या हातात तसंच राहिलं. बाहेर कुणीतरी कळशी ठोकून बघत होतं. ते उठून गेले नाहीत.

"किती दिस झाले कळून?"

"सहा."

"कावून लपवलंस?"

"भ्याले."

त्यांनी झाकण खाली ठेवलं, भाकरी मोडली आणि जेवायला लागले. नेहमीपेक्षा सावकाश, पण शेवटच्या घासापर्यंत. मी त्यांच्या घशाकडे बघत होते, घास उतरतोय का ते. हात धुतल्यावर म्हणाले, "आईला मी सांगतो."

त्यांनी कसं सांगितलं मला माहीत नाही. दोन दिवसांनी आमच्या गल्लीतली आशा कार्यकर्ती आणि दवाखान्यातली नर्स घरी आल्या, तेव्हा आत्याबाई नुकत्या पूजेवरून उठल्या होत्या. गळ्यातलं लिंग नीट झाकून घेतलं, कपाळावर भस्म तसंच, आणि दोन्ही हात पुढं करून बसल्या. पाठ दाखवली. रोग होऊ नये म्हणून दिलेली गोळी मुकाट्यानं गिळली. त्यांना काही नव्हतं. मालकांनाही नव्हतं. मुलीची तपासणी लातूरला झाली. तिलाही काही निघालं नाही, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी गेले तर आत्याबाई परातीपुढं बसलेल्या. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले. वीस वर्षांत त्यांनी भाकरी थापली नव्हती.

"सरा आत्याबाई, मी करते."

"ऱ्हाऊ दे. तवा मी बघते. तुझा हात भाजंल."

खरंच होतं ते. डॉक्टरीणबाईंनीही विस्तवापासून जपायला सांगितलं होतं. मी भाजी चिरायला घेतली. "ऱ्हाऊ दे, विळी लागंल." तेही खरं. मग मी पाण्याची घागर भरायला उचलली. "ऱ्हाऊ दे ती बी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातून घेतली.

पाण्यानं हात कसा भाजेल?

तो प्रश्न माझ्या मनात पाचर ठोकल्यासारखा बसला. त्या माझ्याशी वाईट वागत नव्हत्या. उलट पहिल्यापेक्षा मऊ बोलायच्या. संध्याकाळी मी हात पाण्यात बुडवून बसायचे, मग तेल लावून एकेक बोट तपासायचे, कुठं नकळत जखम झालीय का ते. तेव्हा त्या चष्मा लावून जवळ बसायच्या आणि, "हितं बग, लाल दिसतंय," असं दाखवायच्या. पण दाखवायच्या लांबूनच. त्यांचं बोट माझ्या बोटाला कधी लागलं नाही. स्वयंपाकघरात मला पाटावर बसून नुसतं जेवायचं काम राहिलं. पाहुणी असल्यासारखं.

गोळ्यांनी माझा रंग काळवंडला. बायका विचारायच्या, "काय गं, उन्हात राबतीस का काय?" मी हो म्हणायचे. गल्लीची तपासणी कुणाचं नाव न घेता झाली खरी, पण नर्स आमच्या घरात जास्त वेळ बसल्याचं कुणीतरी बघितलंच असणार. समोरच्या गल्लीतल्या एका बाईनं लेकीच्या लग्नाचे सात ब्लाऊज माझ्याकडे टाकले होते. ती एका दुपारी आली, दाराबाहेरच थांबली. "पोरीला माजलगावच्या टेलरकडंच शिवायचेत म्हणती, काय करावं आताच्या पोरींना," म्हणाली. मी पिशवी दिली. तिनं ती दोन बोटांनी धरली, असं मला वाटलं. कदाचित नसेलही धरली. त्या दिवसांत मला सगळ्यांची बोटंच दिसायची.

औषध सुरू होऊन सात-आठ महिने झाले असतील. एका दुपारी आत्याबाईंचे गुडघे फार दुखत होते. त्या खाटेवरून पाणी प्यायला उठायला लागल्या आणि उठवेना. मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरला. त्या तांब्याकडे बघत राहिल्या.

माझ्या मनाचा तोल गेला. "आत्याबाई, एकदा खरं सांगा. माझा हात भाजंल म्हणून, का माझ्या हातचं नको म्हणून?"

मला वाटलं, त्या रागावतील. त्या पदराचं टोक मुडपायला लागल्या.

"आदी भ्याले," त्या म्हणाल्या. "नर्सबाई सांगून गेली, गोळ्या चालू झाल्यावर कुणाला होत न्हाई. तरी भ्याले. आमच्या बालपनी आसल्या माणसाला गावाबाहेर खोपटं घालून देत होते. बगितलंय मी. मग तुज्या भाजलेल्या बोटांचे ते फोड बगितले. फुटून पानी चाललंय अन् तुला पत्ता न्हाई. तवा वाटलं, हिला आता तव्याफुडं बसवायचं न्हाई. आता त्यात भ्या किती अन् माया किती, ते मला न्हाई सांगता यायचं."

"अन् पाणी?"

"पानी भ्यानंच."

त्यांनी हात पुढं केला. "दे."

मी तांब्या दिला. त्या प्यायल्या, वरून नाही, तोंड लावून, आणि रिकामा तांब्या माझ्या हातात परत दिला. मला त्या वेळी बरं वाटायला हवं होतं. पण सात-आठ महिने ही बाई माझ्या हातच्या पाण्याला भीत होती, आता ते नक्की कळलं होतं, आणि कळल्यावर ते सोसायला जास्त जड गेलं. दुसऱ्या दिवसापासून घागर मी भरायला लागले. भाकरी मात्र त्यांनी सोडली नाही.

वर्षाच्या गोळ्या संपल्या. अंगठ्यात स्पर्श परत आला आहे, थोडा, जाड कापडावरून हात फिरवावा तसा. शेजारच्या दोन बोटांत नाही आला. येईल की नाही, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. आता मी डाव्या हाताच्या बोटाला अंगुस्तानाची धातूची टोपी घालते आणि उजव्या हातानं सुई नजरेनं चालवते, स्पर्शानं नाही. काम निम्म्यावर आलं. काही बायका परत आल्या, काही नाही आल्या.

जिनं सात ब्लाऊज परत नेले होते, तिच्या लेकीचं लांबलेलं लग्न यंदाच्या उन्हाळ्यात माजलगावच्या एका कार्यालयात झालं. पत्रिका आली होती. मालक म्हणाले, जाऊ. आम्ही गेलो. अक्षता पडून गेल्यावर मी नवरीला भेटायला स्टेजवर चढले, तर तिच्या उजव्या बाहीची शिवण काखेतून उसवलेली. माप घट्ट घेतलं होतं. करवली घाईघाईनं सेफ्टीपिन लावत होती आणि ती पिन पोरीला टोचत होती. दर वेळी नवरी ओठ चावायची. तिची आई शेजारीच उभी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

माझ्या पर्समध्ये सुई-दोरा कायम असतो. लाल दोराही होता. दोन मिनिटांचं काम. मी पर्सच्या चेनवर हात ठेवला. मग वाटलं, ही आई नको म्हणाली तर? इतक्या माणसांपुढं? आणि शिव म्हणाली, पण माझ्या या हातानं नवरीच्या अंगाला सुई लागली, आणि लागलेली मला कळलीच नाही, तर?

नवरीच्या हातात पाकीट देऊन मी खाली उतरले. जेवणाच्या पंगतीत यांनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "बाही उसवलीय पोरीची."

"मग तू शिवायची न्हाई व्हय?"

वाढपी आला, त्यानं जिलबी वाढली आणि पुढं गेला. त्या पोरीला नंतर कुणी बाही शिवून दिली की ती तशीच पिन लावून सासरी गेली, ते मी कुणाला विचारलं नाही.